गोधडीला उठाव कसा आणायचा

गोधडी पहिल्यांदाच शिवायला घेणारी मंडळी हमखास विचारतात, "वरून काय लावू म्हणजे ती सपाट दिसणार नाही?" लेस, गोंडे, आरसे, जरीचा काठ अशी यादी तयारच असते. लावायचं तर लावा, पण ते नंतर. आधी नुसत्या धावदोऱ्यानं, म्हणजे सुई वर-खाली घेत सरळ पुढे जाणाऱ्या साध्या टाक्यानं, काय होतं ते बघून घ्या. ओळी थोड्या जवळ घेतल्या आणि दोरा किंचित ओढला, की जुन्या लुगड्याचं तेच मऊ, पडेल कापड अंगभर बारीक लाटा घेऊन उभं राहतं. त्याला विकतचं काही लागत नाही.

हे का होतं ते कळलं की पुढचे निर्णय सोपे जातात. रजईत कापूस भरलेला असतो. टाका पडतो तिथे तो दबतो, टाका नसतो तिथे फुगतो. म्हणून रजईला टाके विरळ हवेत. दाट घातले तर फुगवटाच मरतो. गोधडीत कापडावर कापड ठेवलेलं असतं, फुगायला आत काहीच नसतं. दोरा ओढला की सगळे थर आकसतात आणि दोन टाक्यांच्या मध्ये सापडलेलं कापड वर उचललं जातं. त्यामुळे हिशेब उलटा होतो: टाके दाट, तर उठाव जास्त. परदेशी व्हिडिओ बघून गोधडीवर चार-चार बोटांवर ओळी घालणाऱ्यांची निराशा होते ती याचमुळे. त्या व्हिडिओतल्या क्विल्टमध्ये फुगीर भरण असते, आपल्या हातात पाच पदरी कापड.

या लेखात तीन फूट बाय तीन फूट अशी लहान गोधडी धरली आहे. पहिल्या खेपेला याहून मोठी घेऊ नका. मोठी वाकळ एकट्यानं सांभाळायला जड जाते आणि अर्ध्यात कंटाळा येतो.

आधी वीतभर तुकडा

हा टप्पा लोक गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. जुन्या सुती कापडाचे वीतभर लांबरुंद चार तुकडे एकावर एक ठेवा, कडेनं कच्चे टाके घालून घ्या. पेन्सिलीनं चार घर पाडा.

पहिल्या घरात ओळी बोटभर अंतरावर घाला आणि दोरा न ओढता नुसता पडू द्या. दुसऱ्या घरात अंतर निम्मं करा, आणि प्रत्येक ओळीतले टाके वरच्या ओळीतल्या टाक्यांच्या बरोबर खाली येतील असे घाला. तिसऱ्या घरात अंतर तेच ठेवा, पण टाका वरच्या ओळीतल्या मोकळ्या जागेखाली घ्या, भिंतीत विटा रचतात तशी रचना. चौथ्या घरात तिसऱ्यासारखंच करा, फक्त प्रत्येक ओळ संपली की दोरा ओढून कापड किंचित गोळा करा आणि मग पुढची ओळ धरा.

झालं की तुकडा खिडकीपाशी न्या आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात धरा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली पोत कळत नाही, सावलीच पडत नाही. पहिलं घर सपाटच दिसेल. दुसऱ्यात टाके एकाखाली एक आल्यानं आडव्या ओळींना छेद देणाऱ्या उभ्या सऱ्या पडलेल्या दिसतील. तिसऱ्यात खडबडीत दाणेदार पोत येतो. चौथ्यात तोच पोत चांगला उठून येतो. बंगालच्या कांथ्यावर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, जी पाण्यावरच्या तरंगासारखी हालचाल दिसते ती याच कुळातली: जवळजवळच्या धावदोऱ्याच्या ओळी.

तुकडा टाकून देऊ नका. मोठी गोधडी शिवताना 'दोरा किती ओढू?' असा प्रश्न पडला की तो शेजारी ठेवून हात लावून बघता येतो.

कापड

जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड सगळ्यात चांगलं. सुई सहज जाते आणि कापड दोऱ्याबरोबर आकसतं. नऊवारी सुती लुगडं साधारण आठ मीटर भरतं. चाळीस इंचांचे तुकडे काढले तर सात निघतात, म्हणजे आपल्या गोधडीचे पाचही थर एकाच लुगड्यातून भागतात. विरलेला भाग मधल्या थरात घाला, धड भाग वर आणि पाठीला. उजेडाकडे धरल्यावर पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल इतकं जीर्ण कापड मात्र मधेही घालू नका, टाक्याच्या ओढीनं ते फाटतं.

चाळीस इंच का, तर दोन्ही कडांना मिळून दोन इंच मुडपण्यात जातात आणि उरलेले दोन इंच टाके खातात. दाट धावदोऱ्यानं कापड दर फुटाला अर्धा-पाऊण इंच आखडतं. हे आधी धरलं नाही तर गोधडी ठरवल्यापेक्षा लहान होते.

नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर मिसळलेल्या साड्या टाळा. थर एकमेकांवरून सरकतात, आणि ओढलेला दोरा पुन्हा सैल पडतो. खणाच्या कापडाला विणीतच नक्षी असल्यामुळे ते ठिगळाला सुंदर दिसतं, पण त्याचा रंग जातो का ते आधी बघा. ओल्या पांढऱ्या रुमालानं कापड घासायचं. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं भिजवून रंग काढून घ्यायचा किंवा बाजूला ठेवायचं. इरकलीचा काठ जाडसर असतो. तो पट्टी म्हणून कडेला शोभतो, मधे नको.

आता रंगाबद्दल थोडं, कारण इथे नवी माणसं हमखास फसतात. भरगच्च फुलाफुलांच्या कापडावर तुम्ही कितीही निगुतीनं टाके घाला, पोत दिसणार नाही. नजर नक्षीत अडकते. उठाव दाखवायचा असेल तर वरचा थर एकरंगी, फिका घ्या आणि दोरा त्याच रंगाचा. मग दिसते ती फक्त सावली, आणि सावली म्हणजेच पोत. नक्षीदार कापडच वापरायचं असेल तर दोरा पांढरा आणि जाड घ्या. तिथे टाक्यांची रांग हीच वेगळी नक्षी होते.

अजून एक युक्ती. मधल्या थरात एक तुकडा नव्या, न धुतलेल्या मांजरपाटाचा घाला. बाकीचे थर जुने, आटायचे तेवढे आटून झालेले. गोधडी पहिल्यांदा कोमट पाण्यात धुतली की मांजरपाट आटतो, जुनी कापडं आटत नाहीत, आणि टाक्यांच्या मधली जागा सगळीकडून सुरकुतते. जुन्या गोधडीला वापरून वापरून येतो तो चुरगळलेला पोत एका धुण्यात येतो. दोन थर असे घालू नका, गोधडी वाकडीतिकडी आखडते.

वरच्या थराची कामं आधी

भरण, नाडी आणि बारीक चुण्या ही कामं थर एकत्र करण्यापूर्वी, सुट्या वरच्या कापडावर करायची. थर जोडल्यावर ती जमत नाहीत.

चुण्या सोप्या. कापड सरळ रेषेत दुमडून दुमडीपासून पाव इंचावर टीप मारायची, की एक उभी कड तयार होते. अशी एक चुणी अर्धा इंच कापड खाते. बारा चुण्या घातल्या की सहा इंच गेले, म्हणजे तेवढं कापड जास्त घ्यायचं. चुण्यांचा पट्टा गोधडीच्या पायथ्याला छान दिसतो. पुढे धावदोरा घालताना एका ओळीत चुण्या उजवीकडे आणि पुढच्या ओळीत डावीकडे दाबत गेलात, तर त्या नागमोडी वळतात.

नाडीचं काम जरा वेळ खातं, पण पाहणाऱ्याचा हात आपोआप त्यावरून फिरतो. वरच्या कापडाच्या मागे मलमलीचा तुकडा लावा. दोन्हीतून एकमेकांना समांतर, साधारण एक सेंटीमीटर अंतरानं धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला. मधे जो बोगदा तयार होतो त्यात मागच्या बाजूनं, मलमलीचे धागे सुईनं बाजूला सारून, मऊ सुती नाडी ओवायची. सेफ्टी पिनला बांधून ओवली तरी चालते. वळणावर नाडी बाहेर काढून पुन्हा त्याच छिद्रातून आत घाला आणि मागे नाडीचा छोटासा वेढा सैल सोडा, नाहीतर वळणाला कापड गोळा होतं. नाडी आधी धुऊन वाळवलेली हवी. कोरी नाडी पहिल्या धुण्यात आटली तर सगळी नक्षी आवळली जाते.

भरणाचं तंत्रही असंच. वरच्या कापडावर कोयरी किंवा कमळ काढा, मागे मलमल लावून बाह्यरेषेवर बारीक टाके घाला, मग फक्त मलमलीला छोटी चीर देऊन आत पिंजलेला कापूस थोडा थोडा सारा आणि चीर शिवून टाका. कापूस ठासून भरू नका, आकार ताठ होतो आणि भोवतीचं कापड ओढलं जातं. आकाराभोवती टाके जितके दाट, तितका तो उठून दिसतो. हे काम किती जुनं आहे याची कल्पना यावी म्हणून सांगते: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सिसिलीमधली एक गोधडी आहे, १३६० ते १४०० या काळातली. ट्रिस्टन या युरोपीय दंतकथेतल्या वीराच्या गोष्टीतले प्रसंग त्या लिनन कापडावर मागून कापूस भरून उठवलेले आहेत. माणसं, घोडे, जहाजं, सगळं.

पहिल्या गोधडीवर एकच कोयरी करा. चार कोपऱ्यांना चार करायला घेतल्या तर त्या एकसारख्या येईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

थर लावणं

फरशी झाडूनपुसून कोरडी करा. पाठीचं कापड उलटी बाजू वर करून अंथरा, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. मधले थर एकेक करून टाका आणि प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्यानं सारखा करा. शेवटी वरचा थर. कुठेही झोळ राहता कामा नये. आत राहिलेली एक सुरकुती बाहेरून कायमची दिसते.

मग वेगळ्या, सहज दिसेल अशा रंगाच्या दोऱ्यानं कच्चे टाके. मधून सुरुवात करून आधी अधिक चिन्हासारख्या दोन ओळी, मग कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरप्या, आणि त्यांच्या मधे वीतभर अंतरानं बाकीच्या. नुसत्या टाचण्यांवर भागवू नका. गोधडी मांडीवर घेऊन फिरवायची असते, टाचण्या गळतात आणि टोचतात. कडा एक इंच आत मुडपून टाचून घ्या, पण अजून शिवू नका, तिथे कंगोरे (घडी घातलेले कापडी त्रिकोण) बसवायचे असतील तर जागा लागते.

धावदोरा

सुई लांब आणि बारीक घ्या. दाभण नको, त्याची छिद्रं कापडात राहतात. दोरा सुती, भरतकामाच्या सहा पदरी लडीतले तीन पदर चांगले दिसतात. दोरा हातभरच घ्या, फार लांब घेतला की पिळ बसतो आणि गाठी होतात. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर सुरळीत चालतो. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. पहिल्या दिवशी ते बोजड वाटेल, पण त्याशिवाय पाच थरांतून सुई रेटत राहिलात तर दुसऱ्या दिवशी बोट सुई धरणार नाही.

गाठ दोन थरांच्या मधे लपवा: वरच्या थरातून सुई आत घालून हलका हिसका दिला की गाठ आत जाते. सुईवर चार-पाच टाके एकदम घ्या, सुई ओढा, आणि दोरा ताणून कापडावर बारीक लाट येऊ द्या. लाट जास्त झाली तर नखानं ओळीवरून उलट घासून ती सारखी करा. टाका पाच-सहा मिलिमीटरचा असला तरी सुरुवातीला पुष्कळ. तो लहान असण्यापेक्षा एकसारखा असणं महत्त्वाचं.

ओळी कडेपासून आत अशा चौकोनात घालत जाणं ही आपल्याकडची सवयीची रीत. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातले सिद्दी लोक कवंदी नावाची गोधडी करतात तीही कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेनं फिरत मध्यावर संपते. या पद्धतीत जास्तीचं कापड मध्याकडे ढकललं जातं, म्हणून मघाचे कच्चे टाके पक्के हवेत. शेवटी मधे फुगा राहिलाच तर तो दाबून शिवू नका. दोन-तीन ओळी उसवून दोरा जरा सैल करून परत घाला.

सगळ्यात मोठी अडचण दाटीची. कुणी कडेला अगदी दाट ओळी घालतात आणि मधे विरळ. दाट भाग जास्त आखडतो, विरळ कमी. मग कडा आवळतात आणि मध्य तंबूसारखा वर येतो. उलट केलं, मधे दाट आणि कडेला विरळ, तर कडा झालरीसारख्या लाटा मारतात आणि गोधडी जमिनीला टेकत नाही. त्यामुळे दाटी सगळीकडे साधारण सारखी ठेवा आणि बदल हवा असेल तर दिशा बदला. एका चौकोनात आडव्या ओळी, शेजारच्यात उभ्या. उजेड दोन्हींवर वेगळा पडतो आणि एकाच रंगाचं कापड दोन रंगांचं वाटतं. नवशिक्याला कमी कष्टात जास्त फळ देणारी युक्ती मला तरी हीच वाटते.

ठिगळं आणि कंगोरे

ठिगळ म्हणजे नुसता झाकलेला फाटका भाग असं नाही, ती एक पायरी असते. कड मुडपलेलं ठिगळ कडेला दुप्पट जाड असतं आणि त्याची रेषा हाताला लागते. मोठ्या चौकोनावर मधला, त्यावर लहान, असे तीन ठेवले तर मध्याकडे चढत जाणारा उंचवटा तयार होतो. तीनच्या वर जाऊ नका, सुई अडते. ठिगळं वेगळी शिवून मग धावदोरा घालण्यापेक्षा धावदोऱ्यातच पकडत गेलात तर काम वाचतं, आणि ठिगळ गोधडीपासून सुटं वाटत नाही. सिद्दी बायका असंच करतात. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना त्या घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, आणि ती नसतील तर कवंदी त्यांना अपुरी वाटते.

कडेचे कंगोरे करायला चार इंचांचे चौकोन कापा. चौकोन कर्णावर दुमडा, की त्रिकोण होतो. तो पुन्हा मधोमध दुमडा. चार इंच पाया आणि दोन इंच उंची असलेला, चार पदरी त्रिकोण मिळतो, आणि त्याच्या सगळ्या उघड्या कडा पायाला येतात. एकाच्या उघड्या घडीत दुसऱ्याचं टोक इंचभर सरकवत ओळ लावा. तीन फुटांच्या कडेला बारा लागतात, चारही बाजूंना अठ्ठेचाळीस. मुडपलेल्या दोन कडांच्या मधे पाया अर्धा इंच आत सारून बारीक टाक्यांनी पक्के करा. अठ्ठेचाळीस घड्या घालायचा उरक नसेल तर फक्त डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला लावा, तेही चांगलं दिसतं.

काय कुठे नको

गोधडी अंगाखाली जाणार की अंगावर, हे आधी ठरवा. अंगाखाली घ्यायची असेल तर नाडी, भरण आणि ठिगळांचे उंचवटे मधल्या भागात नकोत, रात्रभर टोचतात. कडेला आणि पायथ्याला हवे तेवढे घाला. बाळाच्या गोधडीला मणी, बटणं, आरसे, गोंडे किंवा लोंबणाऱ्या नाड्या अजिबात नकोत. तोंडात जातात, बोटं अडकतात. तिथे नुसता धावदोरा आणि फार तर कडेचे कंगोरे. नायलॉनची लेस तर कुठल्याच गोधडीला नको. खरखरते, आणि सुती कापड आटलं की ती तशीच लांब राहून फुगे देते.

पहिलं धुणं

कच्चे टाके काढा, दोऱ्यांची टोकं आत घ्या आणि मगच गोधडी पाण्यात घाला. मांजरपाटाचा थर असेल तर पाणी कोमट, नसेल तर साधं. साबण सौम्य. धोपटू नका, पिळू नका. हातानं दाबून पाणी काढा. पाच थरांची गोधडी ओली झाली की चांगलीच जड होते. एका दोरीवर टाकली तर मधे ताण येऊन दोरे तुटतात, म्हणून दोन-तीन दोऱ्यांवर पसरून किंवा बाजेवर आडवी वाळवा. गडद रंग असतील तर सावलीत.

वाळल्यावर इस्त्री करू नका, आणलेला सगळा उठाव बसून जातो. ठेवताना गाठोड्याच्या सगळ्यात वर ठेवा, वजनाखाली नको, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या बाजूनं घाला.